रोगाचे वाहन आणि सोनोग्राफीचे यंत्र

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे गाव महाराष्ट्रास केशवसुतांमुळे ठाऊक आहे. 1866 साली ह्या गावी जन्मलेला हा कवी 1905 साली हुबळीस प्लेगाने गेला. प्लेगाचा जंतू तोपर्यंत शास्त्रज्ञांच्या परिचयाचा झाला होता. तो उंदराच्या अंगावरील पिसवेच्या द्वारे पसरतो, हेही सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने 1898 त कराचीस दाखविले होते. परंतु ही गोष्ट सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, आणि तेवढ्या अवधीत असंख्य घरे ओस पडली. ह्यावरून एकच बोध घ्यावयाचा. रोगास पाय नसतात, त्यास वाहन लागते. आणि ते वाहन ओळखण्यास आपण जितका विलंब लावू तितकी त्याची किंमत भरावी लागते.

आज आम्ही ज्या वाहनाविषयी लिहीत आहो, ते प्रत्यक्षात मोठे उपकारक यंत्र आहे. 1958 साली ग्लासगो येथील इयान डोनल्ड व त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटाच्या आतील चित्र काढून दाखविले. तेव्हापासून सोनोग्राफी घरोघर परिचित झाली आहे. मालगुंडासारख्या गावातील लेकीसुनाही गरोदरपणी ती करून घेतात. ध्वनिलहरींत जंतू नसतात हे खरे. परंतु त्या लहरी सोडणारा प्रोब सकाळपासून सायंकाळपर्यंत एका देहावरून दुसऱ्या देहावर जात असतो, हेही तितकेच खरे.

मग प्रत्येक वेळी तो कितपत शुद्ध करावा? अमेरिकेतील स्पॉल्डिंग ह्या शास्त्रज्ञाने उपकरणांची जी वर्गवारी केली, ती येथे उपयोगी पडते. उपकरण केवळ अखंड त्वचेस लागत असेल, तर त्यावरील जेल पूर्ण पुसून, योग्य जंतुनाशकाने स्वच्छ करून ते कोरडे करणे पुरे. ते योनिमार्गासारख्या आतील नाजूक त्वचेस लागत असेल, तर उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण अवश्य होय. आणि सुई टोचण्यासारख्या क्रियेत जे रक्तापर्यंत किंवा शरीराच्या आतील भागापर्यंत पोहोचते, ते सर्वस्वी निर्जंतुक असले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारातच फसगत फार होते. आतून तपासणी करताना प्रोबवर रबरी आवरण चढवितात. ते काढून टाकले की आतील प्रोब शुद्धच राहिला, असा समज होणे साहजिक आहे. पण आवरणास डोळ्यांस न दिसणारे छिद्र असू शकते, आणि ते उतरवितानाही हात व दांडा यांचा संपर्क घडतो. म्हणून आवरण असले तरी प्रत्येक तपासणीनंतर प्रोब धुऊन त्याचे उच्च दर्जाचे निर्जंतुकीकरण केलेच पाहिजे; नुसत्या स्पिरिटाच्या बोळ्याने ते साधत नाही. रसायनाची निवडही विचारपूर्वक करावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा पॅपिलोमा विषाणू ग्लुटाराल्डिहाइडसारख्या नित्याच्या द्रावणास दाद देत नाही, असे 2014 साली प्रयोगशाळेत आढळले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तुषाराने मात्र तो नष्ट होतो, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. द्रावण कोणतेही असो, ठरलेला वेळ त्यात न ठेवता घाईने बाहेर काढलेला प्रोब शुद्ध म्हणता येत नाही.

ह्या हयगयीचा परिणाम केवळ काल्पनिक नव्हे. ब्रिटनमध्ये एक रोगी हिपॅटायटिस बी ने दगावला; अन्ननलिकेतून हृदय पाहण्याचा प्रोब दोन रोग्यांच्या मध्ये नीट शुद्ध न केल्याचा त्याच्याशी संबंध असावा, म्हणून तेथील सरकारी खात्याने 2012 साली रुग्णालयांस इशारा दिला.

जेलची कथा तर अधिक बोलकी आहे. 2011 च्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन प्रांतात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या 16 रोग्यांच्या श्वसनमार्गात स्यूडोमोनस जंतू आढळला. शोधाअंती त्याचे मूळ अन्ननलिकेतील तपासणीसाठी वापरलेल्या जेलमध्ये सापडले. न उघडलेल्या बाटल्यांतही तो होता! म्हणून शरीराच्या आतील तपासणीस व जखमेजवळ एकदाच वापरावयाचे निर्जंतुक जेल घ्यावे. त्वचेवर लावण्याच्या जेलची बाटली रिकामी झाली की टाकून द्यावी, तीत पुन्हा भर घालू नये. बाटलीचे तोंड त्वचेस लावू नये. आणि ती दिवसभर ऊनही ठेवू नये, कारण उबेत जंतू वाढतात. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे ज्या घरात लहान मुलासही शिकवितात, त्या घरास हा नियम समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या घरांतून सोवळ्याचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या बाळगला गेला. परंतु त्या सोवळ्यात स्पर्श करणारा कोण, हा प्रश्न पुढे झाला आणि स्वच्छता किती, हा मागे पडला. जंतूस जात, कुळ अथवा श्रीमंती कळत नाही. आधीची रोगी कोण होती, हे विचारण्याचे कारण नाही. तिच्यानंतर प्रोब कसा शुद्ध केला, एवढेच विचारावे. हे नवे सोवळे सर्वांस सारखे आहे, आणि त्यास कालमान व पुरावा आहे.

सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी व गर्भलिंगनिदानास बंदी, ह्यांसाठी 1994 चा कायदा आहे; यंत्राची शुद्धी हा त्याचा रोख नव्हे. तेव्हा येथे डॉक्टरांच्या दक्षतेस कुटुंबाच्या जागरूकतेची जोड हवी. भीतीपोटी तपासणीच टाळणे हा शुद्ध अविचार होईल. पोटावरून होणाऱ्या तपासणीत धोका अल्प असतो, आणि लाभ मोठा. परंतु आतून तपासणी व्हावयाची असेल, तर “प्रोब निर्जंतुक केला आहे ना? आवरण नवे आहे ना?” असे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. नवी सून ते विचारण्यास संकोचेल. तेव्हा बरोबर गेलेल्या सासूबाईंनी किंवा पतीने ते विचारावेत. चांगल्या डॉक्टरास त्यांचा राग येणार नाही. उलट आपल्या कष्टाची कोणी कदर केली, असेच त्यास वाटेल. वैद्यापुढची भीड हीही रोगाचे वाहन होऊ शकते, हे प्रत्येक कर्त्या माणसाने ध्यानी ठेवावे.