घरगुती बिअर : धान्य, यीस्ट आणि कायदा

धान्य, पाणी, हॉप्स आणि यीस्ट या चार जिनसांपासून, विक्रीचा हेतू न ठेवता, घरच्या स्वयंपाकघरात बिअर तयार करण्याचा छंद गेल्या साठ वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. स्वस्तात पेय मिळवण्याची युक्ती एवढ्याच नजरेने त्याकडे पाहिले, तर त्यातील धान्याचे रसायन, सूक्ष्मजीवांचे संगोपन आणि कमालीची स्वच्छता या तिन्ही गोष्टी नजरेआड होतात. शिवाय या छंदाला मिळालेल्या कायदेशीर मोकळिकीमुळे अमेरिकेतील बिअर-व्यवसायाचे रूप कसे पालटले, हेही लक्षात येत नाही.

बिअरचे मूळ द्रव्य म्हणजे बार्ली, अर्थात सातू. या धान्यातील साखर पिष्टाच्या रूपात बंदिस्त असते आणि यीस्टला पिष्ट पचवता येत नाही. म्हणून धान्य भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड वाढण्यापूर्वीच ते उष्णतेने वाळवून त्याची वाढ थांबवतात. अशा धान्याला माल्ट म्हणतात. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून सत्त्व करण्याची मराठी घरांतील रीत तत्त्वतः हीच आहे, कारण दोन्हीकडे अंकुरणाऱ्या दाण्यात पिष्ट फोडणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, निर्माण होतात. छांदिष्ट मंडळी माल्ट सहसा विकतच आणतात. फिकट माल्टमध्ये मंद भाजलेल्या किंवा काळपट होईपर्यंत भाजलेल्या माल्टची थोडी भर घातली, की बिअरला तांबूस किंवा कॉफीसारखा काळा रंग आणि त्यासोबतची चव येते.

या छंदातील सर्वांत विचारप्रवर्तक टप्पा यानंतरचा आहे. भरडलेले माल्ट गरम पाण्यात सुमारे तासभर ठेवतात. या क्रियेला मॅशिंग म्हणतात, आणि तीत दोन-चार अंशांच्या फरकाने बिअरचा स्वभाव बदलतो. पिष्ट फोडणाऱ्या विकरांपैकी एक साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर मोकळी करते. दुसरे 70 अंशांच्या आसपास अधिक प्रभावी असते आणि यीस्टला न पचणारे मोठे शर्करारेणू मागे ठेवते. त्यामुळे 64 अंशांवर केलेल्या मॅशपासून हलकी, कोरडी बिअर मिळते, तर 69 अंशांवर केलेल्या मॅशपासून तोंडात भरून राहणारी, किंचित गोडसर बिअर मिळते. धान्य तेच, पाणी तेच, आणि तरीही केवळ तापमापीकडे दिलेल्या लक्षामुळे दोन निराळी पेये तयार व्हावीत, हा अनुभव घेतलेला माणूस कारखान्याच्या बाटलीकडेही पुढे जाणतेपणाने पाहू लागतो.

धान्य गाळून उरलेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. तो साधारण तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात. हॉप्स ही एका वेलीच्या मादी फुलांची शंकूसारखी बोंडे होत. ही वेल भांगेच्या कुळातली असून भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड झालेली आहे. या बोंडांतील आम्ले दीर्घ उकळीत रूप बदलून कडू होतात आणि काही उपद्रवी जंतूंना आवरही घालतात. मात्र त्यांतील सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात, म्हणून कडवटपणासाठी हॉप्स आरंभी आणि सुगंधासाठी अगदी शेवटी घालतात. उकळलेला वर्ट त्यानंतर शक्य तितक्या लवकर थंड करावा लागतो. त्यासाठी तांब्याच्या नळीचे वेटोळे वर्टमध्ये बुडवून तिच्यातून थंड पाणी खेळवण्याची पद्धत घरोघरी आढळते.

इथपर्यंतचे काम माणसाचे. पुढचे काम यीस्टचे आहे, आणि म्हणूनच माणूस फक्त वर्ट करतो, बिअर यीस्ट करते, असे या क्षेत्रात मानतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते; या क्रियेला किण्वन म्हणतात. लुई पाश्चर यांनी 1876 मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून बिअर नासण्यामागे परके सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले, आणि 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून यीस्टचे शुद्ध वाण वाढवले. आज कोणालाही सुमारे 11 ग्रॅमच्या पाकिटात विश्वासार्ह यीस्ट मिळते, ते या संशोधनामुळेच. एल प्रकारचे यीस्ट साधारण 18 ते 22 अंशांवर काम करते आणि आठवडा-दोन आठवड्यांत ते उरकते. लागर प्रकारच्या यीस्टला 10 अंशांच्या आसपासचा गारवा आणि त्यानंतर कित्येक आठवड्यांची थंड साठवण लागते, म्हणून नवशिक्याने एलपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरते.

बिअर तयार झाली की नाही, हे चवीवरून ठरवण्याऐवजी हायड्रोमीटरने ठरवतात. द्रवाची घनता मोजणारे हे काचेचे साधे उपकरण आरंभी 1.050 आणि शेवटी 1.010 दाखवत असेल, तर त्या फरकाला सुमारे 131 ने गुणल्यावर अल्कोहोलचे प्रमाण सव्वापाच टक्क्यांच्या जवळपास येते. लागोपाठ काही दिवस आकडा स्थिर राहिला, म्हणजेच किण्वन संपले, याची खात्री झाल्यावरच दर लिटरला साधारण सहा-सात ग्रॅम साखर घालून बिअर बाटल्यांत भरतात. या साखरेपासून बंद बाटलीत तयार होणारा वायू पेयाला फेस देतो. परंतु किण्वन अपुरे असताना बाटल्या भरल्या, तर वायूचा दाब वाढून काच फुटते आणि गंभीर इजा होऊ शकते. या छंदातील खरा शारीरिक धोका उकळते भांडे आणि फुटणारी बाटली यांचा आहे. एरवी नुकसान होते ते अस्वच्छतेने. उकळीनंतर वर्टला लागणारे प्रत्येक भांडे, नळी आणि झाकण निर्जंतुक नसेल, तर सगळी बिअर आंबट होऊन टाकून द्यावी लागते.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात घरगुती मद्य म्हटले, की हातभट्टी आणि विषारी दारूचे बळी येणे स्वाभाविक आहे. मुंबईत मालवणी येथे जून 2015 मध्ये अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल हे औद्योगिक विष होते. माल्टच्या किण्वनात मिथेनॉल जवळजवळ तयार होत नाही आणि बिअर करताना ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून अर्क काढणे, होतच नाही. हातभट्टीची दारू आणि घरगुती बिअर यांची गल्लत करणे शास्त्राला धरून नाही.

कायद्यानेही हा भेद ओळखायला वेळ घेतला. ब्रिटनमध्ये 1880 पासून घरी बिअर करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी 1963 मध्ये ती अट काढून टाकली. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरला मात्र मिळाली नाही. अखेर ऑक्टोबर 1978 मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाच्या घराला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन बिअर करमुक्त करण्याची परवानगी दिली. विक्री आणि ऊर्ध्वपातन यांना त्यात थारा नव्हता. राज्यांच्या संमतीचा प्रश्न त्यानंतरही राहिला, आणि अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी ती 2013 मध्ये दिली. त्याच 1978 साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभारली.

या मोकळिकीचे फळ मोठे होते. तेव्हा अमेरिकेत शंभराहूनही कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि त्यांची बिअर बव्हंशी एकाच फिकट चवीची असे. आज ही संख्या नऊ हजारांच्या घरात आहे. नौदलाच्या नोकरीत स्कॉटलंडमध्ये असताना घरगुती बिअर शिकलेल्या जॅक मॅकॉलिफ यांनी या कायद्याच्याही आधी, 1976 मध्ये, कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ही छोटी ब्रुअरी काढली, तर या छंदाच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी 1980 मध्ये सिएरा नेवाडा उभी केली. घरच्या भांड्यात केलेले प्रयोग एखाद्या उद्योगाची अभिरुची बदलू शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा असून, घरच्या वापरासाठी बिअर करण्याची सूट त्यात नाही. परवानाधारक छोट्या ब्रुअरींना मात्र वाव आहे, आणि 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या डूलालीपासून त्यांची परंपरा वाढत गेली आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनी तेथील स्थानिक नियम पाहून हा छंद जरूर जोपासावा. महाराष्ट्रातील जिज्ञासूंनी तो सध्या पुस्तकांतून आणि परवानाधारक ब्रुअरींच्या भेटीतूनच समजून घ्यावा.