माजी सैनिकांचा कर्करोग : उपचार सारखे मिळतात का?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सातारा जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरकडे माजी सैनिक आला नाही, असा आठवडा जात नाही. सत्तरी ओलांडलेली ही मंडळी दुखणं सांगायला मोठी नाखूष. खोकला तीन महिन्यांचा झाला तरी हवापाण्यावर ढकलतात. आणि कर्करोगाचं निदान झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मिलिटरीच्या योजनेतून उपचार घ्यायचे, की जमीन विकून बाहेर न्यायचं? सरकारी म्हणजे दुय्यम, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती कितपत खरी?

या प्रश्नाचं आकड्यांनी उत्तर देण्याचा फार मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे, म्हणून आधी तिकडची हकिकत सांगतो. तिथे माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचं स्वतंत्र खातं आहे. सुमारे ९० लाख माजी सैनिक त्याच्याकडे नोंदलेले आहेत आणि त्याची देशभर सुमारे १७० मोठी रुग्णालयं आहेत. डॉक्टर पगारी, औषधं खात्याचीच. दुसरीकडे पासष्टीपुढच्या सर्वसामान्य नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली ‘मेडिकेअर’ योजना आहे. तीत रुग्ण आपल्या पसंतीच्या खासगी डॉक्टरकडे जातो आणि बिलाचा मोठा भाग सरकार भरतं.

हार्वर्डच्या डॉ. नॅन्सी कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही व्यवस्थांमधले, २००१ ते २००४ या काळात कर्करोगाचं निदान झालेले वयस्कर पुरुष घेतले आणि तुलना केली. कसोटी सरळ होती. अमुक आजाराला अमुक उपचार द्यायला हवा हे शास्त्राने ठरवलेलं आहे. तो रुग्णाला मिळाला की नाही? २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुतेक कसोट्यांवर सरकारी व्यवस्था खासगीच्या बरोबरीची, काहींवर सरस निघाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग माजी सैनिकांमध्ये अधिक लवकरच्या टप्प्यावर सापडत होता आणि शस्त्रक्रियाही अधिक जणांची होत होती. मागे पडली ती मुख्यतः प्रोस्टेटच्या आधुनिक, नेमक्या जागी मारा करणाऱ्या किरणोपचारात. महागडं यंत्र आधी खासगी रुग्णालयात येतं, कारण त्यावर बिल लावता येतं, असं आपलं माझं मत!

सरस ठरण्याचं कारण मला फार साध्या गोष्टीत दिसतं. माजी सैनिक रक्तदाब तपासायला गेला, तरी डॉक्टरपुढच्या संगणकावर सूचना येते की याची शौचातील रक्ताची तपासणी राहिली आहे. आतड्याचा कर्करोग त्रास देऊ लागण्याआधी पकडायचा, तर अशी आठवण लागतेच. खासगीत रुग्ण आज या डॉक्टरकडे, उद्या त्या डॉक्टरकडे. आठवण ठेवायची कोणी?

पण व्यवस्था एक असली म्हणजे सर्वांना सारखंच मिळतं, असंही नाही. याच रुग्णालयांतल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माजी सैनिकांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक कसोट्यांवर फरक नव्हता. मात्र लवकरच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कृष्णवर्णीयांची कमी होत होती, आतड्याच्या कर्करोगाचं निदानही उशिरा होत होतं. त्यांच्या वाट्याला कमी प्रतीची रुग्णालयं येत असतील, अशी शंका साहजिकच येते. पण यातला बराचसा फरक एकाच रुग्णालयाच्या छपराखाली होता. बिल माफ असलं तरी शस्त्रक्रियेचा सल्ला कसा समजावला, रुग्णाचा विश्वास बसला का, घरी कोण आहे, हे प्रश्न उरतातच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत एकूण पाहता प्रोस्टेटच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात दगावतात. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या साठ हजार रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात हे अंतर दिसलंच नाही. दहा वर्षांत या आजाराने मृत्यूचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ४.४ टक्के, तर गोऱ्यांत ५.१ टक्के होतं. इतरत्र दिसणाऱ्या अंतरापैकी पुष्कळसं शरीरापेक्षा उपचार वेळेवर न पोचण्यातून येत असावं, असं म्हणायला यामुळे जागा होते.

आणि पोचणं म्हणजे अंतर. अमेरिकेतले जवळपास चौथा हिस्सा माजी सैनिक ग्रामीण भागात राहतात. २०१८ च्या कायद्याने तिथे अशी सोय केली, की तज्ज्ञाकडे जायला गाडीने सरासरी तासाहून जास्त लागत असेल, किंवा २८ दिवसांत वेळ मिळत नसेल, तर खात्याच्या खर्चाने जवळच्या खासगी डॉक्टरकडे जाता येतं.

आपल्याकडे निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ ही अंशदायी योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जायचं. तिथला डॉक्टर लष्करी रुग्णालयाकडे किंवा योजनेशी करार असलेल्या खासगी रुग्णालयाकडे पाठवतो. वॉर्ड हुद्द्याप्रमाणे बदलतो : हवालदाराला जनरल, सुभेदाराला सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्याला स्वतंत्र खोली. उपचार हुद्द्याप्रमाणे बदलू नयेत ही अपेक्षा.

पण माझ्या रुग्णांना खोलीपेक्षा एसटी नडते. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. माण-खटावच्या गावातून पुण्याला रोज कोण जाणार? मुलगा मुंबईला नोकरीत, बायकोचे गुडघे गेलेले. औषध फुकट असतं. पुण्यातली राहण्याची खोली, रिक्षा, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज यांचा खर्च घरालाच उचलावा लागतो. मग म्हातारा दोन आठवड्यांनी म्हणतो, ‘आता बरं वाटतंय, पुरे.’ कागदावर त्याला उपचार उपलब्ध होते.

म्हणून मला वाटतं, पॉलिक्लिनिकवार तीन तारखा मांडून पाहाव्यात : रुग्णाने पहिल्यांदा तक्रार सांगितली ती, बायोप्सीचा अहवाल आला ती, आणि पहिला उपचार झाला ती. सोबत, ठरलेले उपचार किती जणांनी पुरे केले. शहर आणि खेडं, जवान आणि अधिकारी, पुरुष आणि वीरपत्नी, असे हे आकडे वेगळे काढावेत. खर्च फारसा नाही. नोंदी बऱ्याच अंशी आहेतच.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. तोंडातली जखम तीन आठवडे बरी होत नसेल, शौचातून रक्त जात असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर आजोबा ‘काही नाही’ म्हणाले तरी त्यांना पॉलिक्लिनिकमध्ये न्यावं. पुढे पाठवण्याची चिठ्ठी किती दिवस चालते, ते तिथेच विचारून घ्यावं. बायोप्सीचा अहवाल आणि काचपट्ट्या एका फायलीत ठेवाव्यात. किरणोपचार ठरले, तर राहण्याची सोय कुठे होईल, हे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारावं.