फी 2 लाख, खर्च 10 लाख 40 हजार

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या परचेस विभागात काम करणारा, बीकॉम झालेला, पस्तिशीचा माणूस घ्या. पगार दरमहा 35 हजार धरू. एमबीए करावे की एमसीए, असा प्रश्न पडला की तो आधी फी विचारतो. फी 2 लाख धरली आणि नोकरी सोडून दोन वर्षे कॉलेज केले, तर बुडालेला पगार होतो 8 लाख 40 हजार. म्हणजे एकूण खर्चात फीचा वाटा जेमतेम पाचवा. जामखेड किंवा अकोले तालुक्यातून अहिल्यानगरला येऊन राहायचे असेल, तर खोलीभाडे आणि मेस वेगळी. 17 हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात हा खर्च किरकोळ नसतो.

एमबीएनंतर पगार 10 हजारांनी वाढला, असे मानू. 10 लाख 40 हजार भरून यायला 104 महिने लागतील, म्हणजे पावणेनऊ वर्षांच्या आसपास. नोकरी सांभाळून इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून तोच अभ्यास केला, तर फक्त फी वसूल करायची. ती 2 लाखच धरली तरी 20 महिन्यांत निघते. इग्नूत दोन्ही पदव्यांना किमान दोन, कमाल चार वर्षे मिळतात. पाळ्यांची ड्युटी असणाऱ्याला ही चार वर्षेच खरी उपयोगाची.

एमसीएचे गणित अवघड आहे, आणि ते सीईटीपासूनच सुरू होते: 100 पैकी 30 प्रश्न गणित व संख्याशास्त्राचे. पण खरी अडचण पदवीनंतरची. मोठ्या आयटी कंपन्या नवख्यांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, टीसीएसचा 3.36 लाखांचा आकडा वर्षानुवर्षे ऐकू येतो. म्हणजे महिन्याला 28 हजार. दरवर्षी 10 टक्के वाढ धरली, तरी जुने 35 हजार ओलांडायला तीन वाढी लागतात. कॉलेजची दोन वर्षे धरून पाच वर्षे झाली, आणि तोवर जुन्या नोकरीतही पगारवाढ झालीच असती. शिवाय टीसीएसच्या फ्रेशर भरतीत 28 वर्षांची वयोमर्यादा असते. पस्तिशीतल्या माणसाला ते दार बंदच.

एमबीएत परचेसची दहा वर्षे सोबत येतात, एमसीएत ती बहुतेक बाद होतात. म्हणून या माणसाला मी नोकरी न सोडता एमबीएच सुचवेन. कर्ज काढणार असाल, तर आणखी एक हिशेब: 4 लाखांवर 10 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण 8,500 रुपये. शैक्षणिक कर्जाची प्राप्तिकर वजावट फक्त व्याजावर, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच.

साखर कारखान्याच्या संगणक विभागात ईआरपी सांभाळणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा. रोज डेटाबेसशीच झटापट चालते, त्यामुळे एमसीए झाल्यावर त्याची जुनी वर्षे अनुभवात धरली जाण्याची शक्यता बरीच. त्याने फ्रेशरच्या रांगेत उभेच राहू नये; अनुभवी लोकांच्या जाहिराती पाहाव्यात.