खो-खोतला श्रेष्ठ गडी कोण?

मंडळी, आपल्या धाराशिव जिल्ह्यात खो-खोचा सामना संपला की मैदानाबाहेर दुसरा सामना सुरू होतो. सर्वांत मोठा खेळाडू कोण? एक म्हणतो, जास्त वेळ पळतो तो. दुसरा म्हणतो, छे! जास्त गडी बाद करतो तो.

आता असे पाहा. पळणाऱ्याची परीक्षा घड्याळ घेते. तो साखळी खेळतो, हुलकावणी देतो, दम राखतो. पाठलाग करणाऱ्याची परीक्षा बाद केलेल्या गड्यांवरून होते. पण त्याला माघारी वळता येत नाही, बसलेल्या गड्यांमधून पलीकडे जाता येत नाही. म्हणून पाटीवर आठ सोबती बसवावे लागतात. सूर मारून गडी टिपला, त्याचे नाव लागते. पण त्याच्या आधी नेमक्या क्षणी ज्याने खो दिला, त्याची नोंद कुठे?

आपल्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी लाभला. पुरस्कार एकीचा, पण पदक साऱ्या संघाचे!

तेव्हा गुरुजी, शाळेचा संघ निवडताना मिनिटे मोजा, बाद गडीही मोजा. पण वेळेवर खो देणारी पोरही हेरा. नाहीतर ती बिचारी बसल्या जागीच राहून जाईल.