हात तेलाचे असताना फोन चालवायचा कसा?

व्हिडिओत हा विषय दोन मिनिटांत उरकला, म्हणून इथे जरा नीट सांगतो.

दुकानात आपले हात कधी मोकळे असतात का? एका हातात तेलाचा डबा, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. माझ्याकडे मोटोरोलाचा फोन आहे. तो हातात धरून कुऱ्हाडीच्या घावासारखा दोनदा खाली झटकला की टॉर्च लागते. मनगट दोनदा फिरवलं की कॅमेरा उघडतो. माल उतरताना फुटलेल्या पाकिटाचा फोटो टेम्पोवाल्यासमोरच निघतो, मागनं वाद नाही.

जादू काही नाही. ॲक्सिलरोमीटर झटका आणि कल ओळखतो, जायरोस्कोप फिरणं ओळखतो. फोन आडवा केला की स्क्रीन आडवी होते, तेही ॲक्सिलरोमीटरचंच काम.

आयआयटी मुंबईत शिकलेले प्रणव मिस्त्री यांनी तर बॉलवाल्या जुन्या माउसमधले रोलर काढून हाताची हालचाल ओळखणारं यंत्र बनवलं होतं. एक माउस मित्राकडून मागून आणलेला, तो परत दिलाच नाही! खर्च दोन डॉलर. २००९ मध्ये मैसूरच्या टेड परिषदेत त्यांनीच हे सांगितलं. भांडवल नाही म्हणून अडून बसलेल्यांनी ते भाषण जरूर बघा.

सॅमसंगवाल्यांनो, समोरच्या कॅमेऱ्याला पंजा दाखवा, सेल्फी निघतो. फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि आपल्या मसाल्याची बरणी हातात धरून उभं राहायचं. एकट्यानं धंदा सुरू करणाऱ्या ताईंना फार उपयोगी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘शो पाम’ चालू करा.

आता माझी फजिती. फोन पालथा ठेवला की आवाज बंद, असंही एक जेश्चर असतं. हौसेनं मीच चालू केलं आणि विसरलो. दिवाळीच्या गर्दीत फोन काउंटरवर पालथा. एका खानावळवाल्या काकूंचे चार कॉल येऊन गेले. महिन्याचा किराणा माझ्याकडूनच जायचा. संध्याकाळी मी उलटा फोन केला तर म्हणाल्या, “राहू दे रे, घेतला दुसरीकडनं.” त्या महिन्याची ऑर्डर गेलीच, पुढचे दोन महिनेही गेले.

म्हणून आज दुकान उघडायच्या आधी सेटिंगमध्ये ‘जेश्चर’ शोधा. टॉर्च आणि कॅमेरा चालू ठेवा, पालथं ठेवण्याचं बंद करा. मग फोन पालथा ठेवून घरच्या नंबरवरून एक कॉल लावून बघा. रिंग वाजली पाहिजे.