रोलप्लेइंग खेळांतील खेळाडूची साधने आणि पात्राच्या क्षमता

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे आपापल्या पात्राचा कागद असतो. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी आणि अंगची कौशल्ये त्यावर आकड्यांत लिहिलेली असतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे ‘माझे पात्र असे करते’ म्हणतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली बाजारात आला, तिथून हा प्रकार रूढ झाला.

या पाठात एकच प्रश्न पाहू. खेळात जे वापरले जाते, खर्च होते, ते खेळाडूचे की पात्राचे?

आधी आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. वाराणसीत गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगर आहे. तिथली रामलीला सुमारे महिनाभर चालते. राम, सीता आणि भावांच्या भूमिका लहान मुले करतात. ध्वनिक्षेपक नसतो, त्यामुळे हजारोंच्या गर्दीपुढे मुलाला स्वतःच्या गळ्यावरच भिस्त ठेवावी लागते. संवादाची वही घेऊन व्यास शेजारी उभे असतात आणि ओळ सुचवतात. आता विचार करा: शिवधनुष्य मोडण्याचे बळ रामाचे, म्हणजे पात्राचे. गळा, पाठांतर आणि व्यासांची मदत ही त्या मुलाची साधने. मुलगा ओळ विसरला म्हणून ‘राम विसरला’ असे कोणी म्हणत नाही. दोन खाती स्वच्छ वेगळी आहेत.

कोकणातल्या दशावतारात ही सीमा पुसट होते. तिथे लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, पण संवाद नट रंगमंचावरच रचतो. त्यामुळे नटाचे पुराणांचे ज्ञान आणि हजरजबाबीपणा हाच देवाचा किंवा राक्षसाचा हजरजबाबीपणा होतो. रोलप्लेइंग खेळ या दोन टोकांच्या मध्ये बसतो. तोंड खेळाडूचे, बळ कागदावरचे. भांडणे होतात ती याच जागी.

समजा, तुमच्या गटातल्या एका अबोल मुलीने वक्तृत्वात तरबेज पात्र घेतले. पहारेकऱ्याला पटवायची वेळ आली की सूत्रधार म्हणतो, ‘बोलून दाखव.’ ती अडखळते आणि सूत्रधार नकार देतो. शेजारचा बोलका मुलगा, ज्याच्या पात्राला बोलायचे काहीच अंग नाही, दोन मिनिटांत काम करून घेतो. कागदावर तिने मोजलेली किंमत वाया गेली आणि त्याला फुकटात मिळाले. पहिलवानाचे पात्र घेतलेल्याला टेबल उचलून दाखवायला कोणी सांगत नाही, मग वक्त्याचे पात्र घेतलेल्यालाच परीक्षा का? माझ्या मते खेळाडूकडून हेतू आणि मुद्दा तेवढा घ्यावा. तो किती प्रभावीपणे मांडला गेला हे फाशाने ठरवावे.

आकडे पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचा गुणांक मिळवतात. पहिल्या पातळीच्या पात्राचा ‘करिश्मा’ १८ असेल तर +४, मन वळवण्याचे कौशल्य असेल तर आणखी +२, एकूण +६. लक्ष्य १५ असेल तर फाशावर ९ किंवा अधिक हवेत, म्हणजे शक्यता ६० टक्के. करिश्मा ८ असलेल्या, कौशल्य नसलेल्या पात्राला −१ मिळतो. त्याला १६ किंवा अधिक हवेत, म्हणजे २५ टक्के. हा फरक निव्वळ पात्राचा आहे.

याच आवृत्तीत ‘इन्स्पिरेशन’ आहे. पात्राचा स्वभाव चांगला वठवला की सूत्रधार ते खेळाडूला देतो. ते खर्च केले की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आपल्या वक्त्याची शक्यता १ − ०.४ × ०.४ = ०.८४ होते. हे साधन पात्राचे नाही. पात्राला त्याचा पत्ताच नसतो, आणि खेळाडू ते दुसऱ्या खेळाडूला देऊनही टाकू शकतो. बळ असे उचलून देता येत नाही. ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’मधल्या ‘बेनी’ आणि ‘फेट’मधले फेट पॉइंट याच जातीचे.

ओळखायची कसोटी साधी आहे: पात्रालाच विचारा, ‘तू आत्ता काय वापरलेस?’ जादूगार सांगेल, ‘आजचे मोठे मंत्र संपत आले.’ ते त्याचे. इन्स्पिरेशनबद्दल विचारले तर तो गोंधळेल.

कसोटी सगळीकडे चालत नाही, आणि अभ्यासाला खरी मजा तिथेच आहे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत योद्ध्याचे काही डावपेच दिवसातून एकदाच वापरता येत. मंत्र संपतो हे पटते, पण तलवारीचा डाव का संपावा? पात्राकडे उत्तर नाही. म्हणजे कागदावर क्षमता म्हणून लिहिलेली गोष्ट वागते खेळाडूच्या साधनासारखी. त्या आवृत्तीवर बरीच टीका झाली ती या मुद्द्यावरूनही. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये उलटा, आणि मला अधिक आवडणारा प्रकार आहे. ऐन चोरीच्या वेळी खेळाडू म्हणतो, ‘मी काल रात्रीच पहारेकऱ्याला पैसे चारले होते,’ आणि भूतकाळातला तो प्रसंग खेळला जातो. भूतकाळ रचण्याचा अधिकार खेळाडूचा, किंमत मात्र पात्राच्या मनावरच्या ताणातून वजा होते.

स्वाध्याय: (१) करिश्मा ८ असलेल्या वरील पात्राने इन्स्पिरेशन खर्च केले तर यशाची शक्यता किती? वक्त्याच्या तुलनेत कोणाला अधिक टक्क्यांचा लाभ झाला? (२) रसायनशास्त्राचा विद्यार्थी आपल्या निरक्षर पात्राकडून बंदुकीची दारू बनवून घेऊ पाहतो. तुम्ही सूत्रधार असाल तर काय ठरवाल, ते कारणासह लिहा.