उल्हासचं खोरं: पाहावं कसं, जपावं कसं

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली, तर बाजू विचार करून निवडावी. अंबरनाथ मागे पडलं की उजवीकडे मलंगगडापासून चंदेरीपर्यंत डोंगरांची सलग रांग उभी राहते. डावीकडे बदलापूरच्या पुढे झाडीतून उल्हास नदी दिसू लागते, मध्येच आड जाते, पुन्हा दिसते. हा रेल्वेमार्ग 12 मे 1856 रोजी कल्याणहून खोपोलीपर्यंत सुरू झाला आणि त्याने वाट धरली ती याच नदीच्या खोऱ्याची. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं या मार्गावर वाढली. आज इथली घरं मुंबईच्या नोकरीवर चालतात, आणि सुट्टी आली की इथलीच माणसं लोणावळा, अलिबाग, माथेरानच्या गर्दीत जाऊन उभी राहतात. वास्तविक एका तासाच्या आत पोहोचता येईल असं नदीचं, डोंगराचं, तळ्यांचं आणि हजार वर्षांच्या शिल्पाचं वैभव त्यांच्या दारात आहे. ते पाहायचं तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते: ही नदी चालते कशी?

उन्हाळ्यातही वाहणारी नदी

उल्हास उगम पावते राजमाचीच्या परिसरात, सह्याद्रीच्या कड्याखाली. कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याने ती कर्जतला येते, नेरळ, शेलू, वांगणी करत बदलापूरला पोहोचते आणि पुढे कल्याणला वळसा घालून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. एकूण लांबी सुमारे 122 किलोमीटर. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात, डोह तेवढे उरतात. उल्हास मात्र एप्रिल-मेमध्येही वाहती असते.

याचं कारण घाटमाथ्यावर आहे. इंद्रायणीला मिळणाऱ्या आंध्रा नदीवर ठोकरवाडी इथे टाटांनी धरण बांधलं. तिथलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून घाटाखाली भिवपुरीला आणलं जातं. 1922 पासून तिथे वीज तयार होते. वीज करून मोकळं झालेलं पाणी पेज नदीत सोडलं जातं आणि पेज उल्हासला मिळते. म्हणजे जे पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे गेलं असतं, ते बदलापूरच्या पुलाखालून अरबी समुद्राकडे जातं. घाटावरच्या धरणाचा हा परिणाम खालच्या खोऱ्याला शंभर वर्षं मिळतो आहे.

या पाण्यावर मोठा संसार चालतो. बदलापूर पश्चिमेला नदीवरच्या बॅरेजमधून पाणी उचलून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथला देतं. थोडं पुढे बारवी नदी येऊन मिळते. तिच्यावरचं बारवी धरण एमआयडीसीचं. उंची वाढवल्यानंतर त्याचा साठा सुमारे 340 दशलक्ष घनमीटर झाला. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच जांभूळ इथे येतं, तिथून उचललं जातं आणि उल्हासनगरसह अनेक शहरांना व कारखान्यांना मिळतं. आणखी खाली मोहने आणि शहाड इथेही नदीतून पाणी घेतलं जातं. नदीकाठी सहलीला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. समोरचं पात्र हे लाखो घरांच्या पिण्याच्या पाण्याची वाट आहे.

नदीची बाजू

बदलापूर पश्चिमेची चौपाटी हे नदीकाठी बसण्याचं सर्वांत सोपं ठिकाण. संध्याकाळी तिथे शहर मोकळं होतं. पण नदीची खरी ओळख होते ती सकाळी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, एरंजाडच्या बाजूला किंवा वांगणीच्या अलीकडे शेतांच्या बांधावरून चालताना. भात कापून झालेलं असतं, वाल आणि हरभरा उगवून आलेला असतो, काठावर करंज आणि उंबर पाण्यावर वाकलेले असतात. खंड्या फांदीवरून सूर मारतो, पाणकावळे दगडावर पंख वाळवत बसतात आणि उत्तरेकडून आलेले धोबी पक्षी शेपटी हलवत ओल्या वाळूतून पळतात.

बारवीच्या रस्त्याला लागलं की शेतं संपून जंगल सुरू होतं. साग, ऐन, मोह. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतो तेव्हा हा रस्ता दुचाकीवरून किंवा सायकलवरून सावकाश जाण्यासारखा. जूनच्या तोंडावर जांभळांचे ढीग रस्त्याकडेला दिसू लागतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

पहिला पाऊस पडला की ठाकर आणि कातकरी बायका डोंगरातल्या भाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. त्यात आधी येतं ते शेवळं. जमिनीतून वर आलेला तपकिरी-जांभळट कोंब, आवरण सोललं की आत पिवळा भाग. तो काढून टाकतात, कारण त्याने घसा खवखवतो. विकणाऱ्या बाईकडे शेवळांच्या जुडीसोबत हिरव्या काकडांचा वाटाही असतो. या आंबट फळाशिवाय शेवळं शिजवू नये, हे ती नव्या गिऱ्हाईकाला बजावून सांगते. मागोमाग टाकळा, भारंग, कुर्डू, कंटोळी येतात. या खोऱ्याचं जंगल अजून जिवंत आहे याचा पुरावा दर वर्षी त्या टोपलीत मिळतो.

डोंगराची बाजू

रेल्वेने ‘बदलापूर पूर्व’ म्हटलेली बाजू नकाशावर नैऋत्येला येते. तिकडे मलंगगड, तावली, नवरा-नवरी, म्हैसमाळ, चंदेरी अशी रांग आहे. तीच पुढे नाखिंद, पेब करत माथेरानला भिडते. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला हा बेसॉल्ट. मऊ थर झिजले, कठीण थर कडे होऊन उरले. म्हणूनच या रांगेत सुळके आणि सरळ तुटलेले कडे इतके दिसतात.

चंदेरी हा त्यातला सर्वांत देखणा. चिंचवलीहून चढायला सुरुवात करायची. नाळेतून खिंडीवर पोहोचलं की पुढे कड्याच्या पोटात गुहा आहे, शिवलिंग आहे, पाण्याचं टाकं आहे. सर्वसाधारण ट्रेकरने इथे थांबावं. इथून दिसणारं खोरं पुरेसं आहे: खाली रुळांची रेघ, तिच्यापलीकडे नदी, आणखी पलीकडे बारवीचं जंगल आणि आभाळ स्वच्छ असेल तर सिद्धगड-भीमाशंकरची भिंत. वरच्या सुळक्याचा कातळ घसाऱ्याचा आहे. दोर आणि जाणता सोबती असल्याशिवाय तिथे जाऊ नये.

वालधुनीच्या काठी

याच डोंगरांतून एक छोटी नदी अंबरनाथमध्ये उतरते, वालधुनी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने काकोळे इथे तिच्यावर बांध घालून तळं केलं, तो ‘जीआयपी टँक’ आजही आहे. तिथून ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून जाते.

हे मंदिर शिलाहार राजांचं. शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे साल आहे. बांधणी भूमिज शैलीची, दगड इथलाच काळा. मंदिराला बाहेरून एक फेरी मारायला घाई करू नये. भिंत सरळ नाही, ती कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते, त्यामुळे सकाळच्या तिरक्या उन्हात एकेक मूर्ती वेगळी उजेडात येते. आत गेल्यावर गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. बाहेरच्या उन्हातून तिथे पोहोचलं की थंडावा अंगाला लागतो.

मंदिराच्या बाजूने वाहणाऱ्या पाण्याकडे मात्र पाहवत नाही. काकोळ्याला स्वच्छ असलेली वालधुनी शहरात शिरताच सांडपाण्याचा आणि रसायनांचा नाला होते. 2014 च्या अखेरीला उल्हासनगरमध्ये या नदीत बेकायदा ओतलेल्या रसायनांमुळे विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. उल्हासनगरचा खेमाणी नालाही उल्हासलाच मिळतो. सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर जलपर्णी पोसते आणि पाऊस ओसरल्यावर रायते-मोहने भागात पात्र हिरवं होऊन जातं. दुरून ते कुरणासारखं सुंदर दिसतं, पण त्याखाली पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही. ज्या शहराला 8 ऑगस्ट 1949 रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या नदीचं नाव मिळालं, त्या उल्हासनगरवर तर तिची जबाबदारी सर्वांत जास्त आहे.

पावसाळा: पाहायचा, उतरायचं नाही

पावसाळ्यात सगळ्यांची पावलं वळतात ती कोंडेश्वरकडे. बदलापूरपासून जवळ, वाटेत भोज धरण, पुढे शंकराचं देऊळ आणि धबधबा. पाण्यासोबत फिरणारे गोटे शतकानुशतकं कातळ घासत राहिले, त्यातून इथली कुंडं झाली. वरून तोंड लहान, आत पोट मोठं, कडा शेवाळलेल्या. आत पाणी गोल फिरतं आणि माणसाला खाली ओढतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही मिळत नाही. त्यात डोंगरावर पडलेली सर खाली पोहोचायला काही मिनिटं पुरतात. खाली ऊन असताना लोंढा येतो. इथे दर काही वर्षांनी तरुण मुलं बुडतात, त्यामागे ही कारणं आहेत. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर मनाई आदेश काढतं, तो पाळायलाच हवा.

मुख्य नदीचंही तसंच. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची पातळी 17.50 मीटर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये घरून निघण्याआधी हा आकडा बातम्यांत पाहावा. बारवी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडतात, तेव्हा बारवीच्या पात्रापासूनही लांब राहावं.

मग पावसाळ्यात करायचं काय? शेतांतली आवणी पाहावी, डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा रस्त्यावरून पाहाव्यात, अंबरनाथचं मंदिर पावसात पाहावं, लोकलने कर्जतपर्यंत जाऊन यावं. डोंगर आणि पाणी यांच्यासाठी उरलेले आठ महिने आहेत.

काठ मोकळा राहिला तरच

पूररेषा नावाच्या दोन रेषा नदीकाठी आखलेल्या असतात. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आतली जागा नदीची. ती इमारतींना द्यायची नाही, पण चालायला, खेळायला, झाडं लावायला ती फार मोलाची आहे. पूर आला तर बाक आणि पायवाट चार दिवस पाण्याखाली जाईल आणि पुन्हा धुऊन वापरता येईल. भराव घालून उठवलेल्या इमारतीतल्या माणसांचं तसं नसतं. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आणि सोनिवलीत राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

बॅरेजपासून वांगणीपर्यंत शेतकऱ्यांना विश्वासात घेऊन साधी, मातीची पायवाट व्हावी. कोंडेश्वरला मनाईच्या फलकाबरोबर पाहण्यासाठी सुरक्षित कठडा आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी जीवरक्षक असावेत. वालधुनीचं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जावं. यातली एकही मागणी अवघड नाही. त्यांच्यामागे नदी पाहिलेली, काठाने चाललेली माणसं उभी राहायला हवीत.

म्हणून या हिवाळ्यात एक रविवार काढा. घरच्यांना घेऊन काठाने चाला, कागदी-प्लास्टिकच्या पत्रावळी, बाटल्या, निर्माल्य यांतलं काहीही पाण्यात टाकू नका आणि दुसऱ्याला टाकू देऊ नका. ते पाणी पुढे जांभूळला, मोहन्याला, शहाडला उचललं जातं, आणि तिथून घरोघरच्या नळाला येतं.